चाक आणि हब यांच्या सांध्यातला गंज : एका गाडीच्या कामाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२४, शनिवार

तुळजापूरहून परत येताना तामलवाडीच्या अलीकडे पुढचे डावे चाक पंक्चर झाले. उन्हाचा कडाका होता. जॅक लावून चारही नट काढले, तरी चाक जागचे हलेना. नट नाहीत, गाडी जॅकवर आहे आणि चाक मात्र हबला, म्हणजे ज्या मधल्या लोखंडी भागावर ते बसते त्याला, वेल्डिंग केल्यासारखे चिकटून बसले आहे, हे दृश्य माझ्या मुलीला विनोदी वाटले. मला ते अजिबात तसे वाटले नाही. टायरवर लाथ मारावी असे एकदा मनात आले, परंतु जॅक मुरमावर उभा होता, म्हणून तो विचार सोडून नट परत आवळले. सुदैवाने टायर ट्यूबलेस असल्यामुळे पंक्चरवाल्याने खिळा उपसून बाहेरूनच दोरी भरली व चाक न काढताच आम्ही सोलापूर गाठले. टायर फुटला असता तर रात्र तेथेच काढावी लागली असती.

ही गाडी मुलीची आहे. तिला अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, चाके आहेत, पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक आहेत, आणि मुलीची बदली होईपर्यंत सात वर्षे ती रत्नागिरीत उघड्यावर उभी राहत होती. सूतगिरणीच्या देखभाल विभागात फिटर म्हणून माझी बत्तीस वर्षे गेली, आणि शाफ्टवर गंजून बसलेली पुली पुलर लावून काढणे हे तेथे नित्याचेच काम होते. चाकाचा रोग तोच दिसतो. चारही चाकांचे काम घरीच, टप्प्याटप्प्याने करावयाचे व प्रत्येक वेळी नोंद ठेवावयाची असे ठरवले आहे.

१६ एप्रिल

काल संध्याकाळी चाकाच्या मधली प्लास्टिकची टोपी काढून हबची कड आणि चाकाचे मधले भोक यांच्यामध्ये जी केसाएवढी फट दिसते तिच्यात डब्ल्यूडी-४० मारून ठेवले होते. रात्रभर मुरू दिले. हे तेल फवारताना ते डिस्कच्या दिशेने उडणार नाही याची काळजी घ्यावी लागते, कारण डिस्कवर तेलाचा थेंब गेला की तो पॅडमध्ये शोषला जातो आणि ब्रेक एका बाजूला ओढू लागतो.

सकाळी भाच्याला बोलावले. तो हातोडा घेऊनच आला. "मामा, दोन ठोके घातले की निघेल," असे त्याचे म्हणणे होते. अलॉयच्या कडेवर हातोडा घालणे म्हणजे चाक मोडीत घालण्यासारखे आहे. ओतीव ॲल्युमिनियमला बारीक तडा गेला तर तो डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून दुसरा मार्ग धरला. गाडी जमिनीवरच ठेवून चारही नट फक्त एक-एक फेरा सैल केले, म्हणजे नट स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर) पुरेशा आट्यांनी धरून राहिले, आणि आवारातच गाडी हाताने ढकलून हातभर पुढे व हातभर मागे केली. स्टिअरिंग डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा तेच केले. तिसऱ्या वेळी "कट्ट" असा आवाज आला. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गाडीचे वजन आणि जमिनीचे घर्षण हे दोघे मिळून चाकाला जो आडवा पीळ देतात तो हातोड्याच्या ठोक्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो व तो चाकाला इजाही करीत नाही. ही युक्ती सपाट आवारातच करावयाची आहे. नट सैल ठेवून गाडी रस्त्यावर नेणे हा शुद्ध अविचार होय.

मागचे उजवे चाक मात्र याही उपायाला दाद देईना. त्यासाठी गाडी घोडीवर, म्हणजे भक्कम लोखंडी स्टँडवर, चढवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोके घालावयाचे नाही, हा नियम मी गिरणीत असताना दोन अपघात पाहून शिकलो आहे), नट दोन आटे सैल ठेवून आतल्या बाजूने टायरवर बाभळीचा ठोकळा टेकवला आणि ठोकळ्यावर हातोडा घातला. चाक थोडे फिरवायचे आणि समोरच्या बाजूला ठोकायचे, असे आलटून पालटून करीत गेल्यावर सातव्या-आठव्या ठोक्याला ते सुटले. नट जागेवर होते म्हणूनच ते अंगावर आले नाही.

१७ एप्रिल

आज फक्त निरीक्षण केले. चाकाच्या पाठीमागच्या भोकाभोवती पांढरा, खडूसारखा, नखाने न निघणारा थर आहे आणि हबच्या कडेवर तांबूस-काळा गंज पापुद्र्यांनी चढलेला आहे. दोन्ही थर एकमेकांत दातांसारखे अडकलेले होते.

पांढरा थर हा ॲल्युमिनियमचा गंज आहे. लोखंडी हब आणि ॲल्युमिनियमचे चाक एकमेकांना टेकलेले असताना त्यांच्यामध्ये ओलावा शिरला की तेथे एक छोटीशी बॅटरी तयार होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजू लागते. पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते आणि झीज वाढते. रत्नागिरीची खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस हे दोन्ही या चाकांनी सात वर्षे सोसले आहे. शिवाय लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. ज्या सांध्यात मुळातच जेमतेम फट ठेवलेली असते तेथे ही फुगलेली भर पाचरीसारखी बसते. पुली शाफ्टवर बसते ती याच कारणाने. तेथे निदान चावी (पुली व शाफ्ट यांना एकत्र धरणारी पट्टी) काढता येते.

सोलापुरात हा प्रश्न येत नाही असे येथील पुष्कळांचे म्हणणे असते. हवा कोरडी आहे हे खरे. तथापि येथे बहुतेक गाड्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जातात, आणि त्या पाण्याने बादलीच्या तळाशी जो पांढरा थर साचतो तोच चाकाच्या भोकातही साचत असणार. ब्रेक लावल्याने तापलेल्या हबवर पाणी पडले की ते बारीक फटीत ओढले जाते आणि बाहेरचे वाळले तरी आतले लवकर वाळत नाही. पाऊस कमी पडतो एवढ्याने सांध्यातला ओलावा कमी राहतो असे होत नाही.

२१ एप्रिल, रविवार

साफसफाईचा दिवस. तारेच्या ब्रशने, मग एमरी पेपरने हबचा सपाट भाग, म्हणजे डिस्क जेथे टेकते तो फ्लँज, आणि मधली उभी कड घासून लोखंड उघडे केले. चाकाच्या ॲल्युमिनियमवर तारेचा ब्रश चालवला नाही. लोखंडी तारांचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात व पुढे तेथेच गंजाची बीजे ठरतात. त्या बाजूला नायलॉनची जाळी आणि लाकडी चिपाटी एवढेच वापरले. पुसण्यासाठी कॉटन वेस्ट पिशवीभर आणले. चादर-टॉवेलच्या या गावात त्याची चणचण कधी पडत नाही. पावडर उडू नये म्हणून कापड थोडे ओले ठेवले व तोंडाला रुमाल बांधला, कारण जुन्या ब्रेकची धूळ छातीत जाणे चांगले नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सर्व मांडले ती. माझ्याकडे गिरणीच्या दिवसांपासूनचे डायल गेज (अगदी बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) आणि चुंबकी स्टँड आहे. पुढच्या डाव्या हबवर डिस्क तशीच, गंजासह बसवून, चारही स्टडवर वॉशर घालून नट सारखे आवळले व डिस्क हळूहळू फिरवून बाहेरच्या कडेजवळ, सुमारे २३० मि.मी. व्यासावर, डोलणे मोजले. काटा ०.१३ मि.मी. फिरला. नंतर डिस्क काढून फ्लँज व डिस्कची आतली बाजू स्वच्छ केली, तेव्हा फ्लँजच्या एका कडेला गंजाचा चिकट पापुद्रा सापडला. त्याची जाडी मायक्रोमीटरने ०.०८ मि.मी. भरली. फ्लँजचा व्यास १४० मि.मी. आहे, तेथे एका कडेला ०.०८ ची पाचर राहिली की २३० मि.मी. व्यासावर ती ०.०८ × २३० ÷ १४०, म्हणजे जवळजवळ ०.१३ होते. हिशेब आणि काटा जुळले. साफ केल्यावर डोलणे ०.०४ वर आले.

मुलगी वर्षभर सांगत होती की वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते, आणि एका गॅरेजने त्यावर डिस्क बदलण्याचा सल्लाही दिला होता. डोलणारी डिस्क प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच ठिकाणी घासते, तेथे ती पातळ होत जाते व मग थरथर सुरू होते. नवी डिस्क याच गंजावर बसवली असती तर काही हजार किलोमीटरनंतर तीही तशीच झाली असती.

२२ ते २७ एप्रिल

चाकाचे काम थांबले, कारण भाचा पुण्याला गेला. दरम्यान व्हीलपाना, जॅकचा आटा व ड्रमचे दोन गंजलेले स्क्रू मळीच्या पाण्यात टाकून ठेवले. मळी एक भाग व पाणी नऊ भाग. साखर कारखान्यांच्या या मुलखात पशुखाद्याच्या दुकानात ती सहज मिळते. मळीतील द्रव्ये गंजाला धरून हळूहळू पाण्यात उतरवतात आणि चांगल्या लोखंडाला फारसे खात नाहीत, म्हणून घाई नसेल तर हा उपाय आम्लापेक्षा बरा. मात्र ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेली वस्तू त्यात बुडवू नये. सहा दिवसांत गंज मऊ पडला आहे, पूर्ण सुटण्यास आणखी आठवडा लागेल. बादलीला मुंग्या लागल्या व वास सुटला. सौभाग्यवतींनी ती गच्चीवर हलविण्याचा आदेश दिला.

२८ एप्रिल, रविवार

काय लावायचे यावर आज गल्लीतल्या गॅरेजच्या उस्तादांशी व भाच्याशी दीड तास चर्चा झाली. उस्तादांचे मत असे की बेअरिंगचे ग्रीस बोटभर घेऊन सगळीकडे, स्टडच्या आट्यांनाही, लावावे. भाच्याने तांब्याच्या पुडीचे ग्रीस आणले होते. मी सिरॅमिक पेस्टच्या बाजूने होतो.

स्टडच्या आट्यांना ग्रीस लावण्याला माझा ठाम विरोध आहे व त्याचे कारण मी कागदावर मांडून दाखवले. नट आवळताना आपण जो पीळ देतो त्याचा बराचसा भाग घर्षणात जातो, उरलेला स्टडला ताणतो. १२ मि.मी. च्या स्टडवर १०० न्यूटन-मीटर पीळ दिला आणि नट-गुणांक (सगळे घर्षण जमेस धरून पीळ व ताण यांची सांगड घालणारा आकडा) कोरड्या आट्यांचा म्हणून ०.२० धरला तर स्टडमधला ताण सुमारे ४२ किलोन्यूटन येतो. आटे ग्रीसने ओले करून तोच गुणांक ०.१५ झाला तर त्याच पिळात ताण ५५ किलोन्यूटनच्या वर जातो, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने अधिक, आणि पाना धरणाऱ्याच्या हाताला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा, या गाडीला १०० न्यूटन-मीटर, कोरड्या व स्वच्छ आट्यांसाठी असतो. उस्ताद म्हणाले, "साहेब, आमच्या पोरांचा एकही स्टड आजवर तुटला नाही." मी म्हटले, ताणला गेलेला स्टड लगेच तुटत नाही.

सपाट फ्लँजवर काहीही लावावयाचे नाही हेही मी ठरवले. नटांच्या दाबाने चाक व हब एकमेकांना घट्ट धरतात आणि ब्रेकचा जोर त्या घर्षणातूनच जातो. तेथे ग्रीसचा थर ठेवणे म्हणजे ज्या पकडीवर सगळे अवलंबून आहे तीच निसरडी करणे होय. रंगाचेही तसेच. रंगाचा थर दाबाखाली हळूहळू चेपतो व नट आपोआप सैल पडतात. म्हणून उष्णता सोसणारा चंदेरी रंग फक्त डिस्कच्या मधल्या उंच टोपीसारख्या भागाच्या बाहेरच्या उभ्या बाजूला व ड्रमच्या कडेला दिला आणि टेकणाऱ्या जागा टेपने झाकून घेतल्या. पेस्ट लावण्याची जागा एकच, ती म्हणजे हबची मधली उभी कड, आणि तीही इतकी पातळ की खालचे लोखंड दिसत राहावे.

कोणती पेस्ट, यावर मात्र एकमत होईना, म्हणून चार चाकांवर चार प्रकार करावयाचे ठरले : पुढच्या डाव्याला सिरॅमिक, पुढच्या उजव्याला तांब्याचे, मागच्या डाव्याला उस्तादांचे ग्रीस (फक्त कडेला), मागचे उजवे नुसते स्वच्छ. पुढची चाके अधिक तापतात, मागची कमी, तेव्हा ही तुलना काटेकोर नाही हे मला कळते. पण गाडीला चाके चारच आहेत.

नट समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, शेवटी टॉर्क पान्याने आवळले. पंक्चरच्या दुकानात पान्याला अर्धा मीटर पाइप घालून त्यावर सत्तर किलोचा माणूस उभा राहतो तेव्हा नटावर सुमारे ३४० न्यूटन-मीटर पीळ पडतो, हे भाच्याला तोंडी गणित करून दाखवले. तो पुढच्या वेळी दुकानात बोलेल अशी आशा आहे.

४ मे

सुमारे शंभर किलोमीटर चालवून पुन्हा टॉर्क पाना लावला. मागच्या उजव्या चाकाचे दोन नट किंचित सरकले, बाकीचे नाहीत. पेडलची थरथर थांबली आहे.

२३ जून

पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले. गाडी मोहोळ भागातील एका शेतापर्यंत नेली होती. परतल्यावर चाकांच्या आतल्या कडेला काळ्या मातीचे लगदे बसलेले आढळले. ही माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की विटेसारखी होते. तशीच राहू दिली तर चाकाचा तोलही बिघडतो. आतून पाण्याचा हलका फवारा देऊन धुतले, बोअरऐवजी नळाचे पाणी वापरले आणि लगेच विजापूर रोडवर पाच किलोमीटर जाऊन वाटेत ब्रेक हलके दाबून डिस्क व ड्रम वाळवले.

२८ जुलै

एक चूक नोंदवतो. मागच्या रविवारी गाडी धुऊन, हँडब्रेक ओढून, आठ दिवस तशीच उभी ठेवली. आज मागची दोन्ही चाके जाम. ओल्या ड्रमला ब्रेक शू दाबलेल्या स्थितीत गंजाने धरले होते. पहिल्या गिअरमध्ये हलके पुढे आणि रिव्हर्समध्ये हलके मागे केल्यावर ते सुटले, शूचे अस्तर उखडले नाही हे नशीब. एवढे सगळे लिहून ठेवणाऱ्या माणसाने असे करावे याची लाज वाटली. यापुढे गाडी उभी राहणार असेल तर गिअरमध्ये ठेवून चाकाला ओट (अडवणारा ठोकळा) लावावयाचा, हँडब्रेक नाही.

मागचा उजवा ड्रम तपासण्यासाठी काढला. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट घालून आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळले की ड्रम हबवरून सरळ बाहेर येतो. हँडब्रेक आधी सोडावा लागतो, नाहीतर शू आतून धरून ठेवतात आणि बोल्टचे आटे जातात.

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची व हत्यारांची पूजा झाल्यावर चारही चाके उघडली. सप्टेंबरमध्ये चांगला पाऊस झाल्याने परीक्षा पुरेशी कडक होती. उस्तादांनाही बोलावले होते, त्यांना आपट्याची पाने देऊन काम सुरू केले.

सिरॅमिक पेस्टचे चाक नट काढताच हातात आले; कडेवर पेस्टचा राखाडी पट्टा शाबूत, गंज नाही. तांब्याच्या ग्रीसचे चाकही हातानेच निघाले, परंतु भोकाच्या खालच्या अर्ध्या भागात पांढऱ्या पावडरीची बारीक रेघ उमटलेली होती. तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्यातला विद्युत फरक लोखंड व ॲल्युमिनियम यांच्यातल्यापेक्षाही मोठा आहे, तेव्हा जेथे ग्रीस धुऊन जाते तेथे तांब्याची पूड उलटी त्रासदायक ठरू शकते. पाच महिन्यांच्या एका रेघेवरून निकाल देता येणार नाही, पण अलॉय चाकाला मी ते पुन्हा लावणार नाही. उस्तादांच्या ग्रीसचे चाक सुटले खरे, मात्र ग्रीसने काळी माती धरून घेतली होती व त्याचा घासपेस्टसारखा लगदा झाला होता. उस्तादांनी तो बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "लोखंडी रिमला चालतंय, ह्याला नको." नुसत्या स्वच्छ केलेल्या चाकाला टायरवर तळहाताने दोन थापा द्याव्या लागल्या, कडेवर तपकिरी कडे उमटले होते, पापुद्रा नव्हता. म्हणजे एप्रिलमध्ये केलेल्या घासकामाचा वाटा पेस्टपेक्षा मोठा आहे असे दिसते, आणि हे मला अपेक्षित नव्हते.

चारही सांधे पुसून, मागच्या उजव्यासह सगळ्यांना सिरॅमिक पेस्ट लावली. पुढच्या डाव्या डिस्कचे डोलणे पुन्हा मोजले, ०.०४ च आहे.

१९ जानेवारी २०२५

टायरची अदलाबदल करण्यासाठी चाके काढली. चारही हाताने निघाली, विशेष काही नाही. मात्र एवढ्या महिन्यांत स्टेपनीकडे कोणी पाहिलेच नव्हते. डिकीतील तिच्या खोलगट जागेत पाणी साचून गेलेले होते आणि तिला धरून ठेवणारा मधला बोल्ट पार गंजून बसला होता. तो सुटण्यास रॉकेल, रात्रभराची वाट व पुलीच्या दिवसांतला संयम लागला. बोल्ट मळीच्या बादलीत टाकला आहे, तळाचे रबरी बूच काढून साचलेले पाणी जाऊ दिले, आणि बूच परत बसवण्यापूर्वी पाणी मुळात शिरते कोठून हे शोधण्यासाठी भाच्याला आत टॉर्च घेऊन बसवून मी बाहेरून मागच्या दारावर पाइप धरला. डाव्या दिव्याच्या गॅस्केटखालून धार आली. गॅस्केट सोमवारी आणावयाचे आहे.